डावा हात खिशात

त्या पत्राला त्यानं उत्तर दिलं नव्हतं. तसं ते पत्रही नव्हतं. मुलीनं टॅबवर जोडून दिलेल्या जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीच्या गटात त्यानं एक प्रश्न विचारला होता, आणि त्याखाली आलेला हा मजकूर होता. पण आपल्याला उद्देशून कुणी चार ओळी लिहिल्या की त्या त्याला पत्रच वाटत, आणि पत्राला उत्तर न देणं म्हणजे दारात उभ्या माणसाच्या तोंडावर कडी लावणं, असं तो जन्मभर मानत आला होता. मजकूर त्याला पाठ होता. 'वाचक यांस' (गटात त्यानं वाचक हेच नाव घेतलं होतं) 'तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि एकही नीट विचारलेला नाही. "आवाज उदास घुमतो" म्हणजे काय? रेडिओला दुःख नसतं. मीटर आणा, व्हॉल्व्हच्या पायांवर व्होल्टेज मोजा, आकडे लिहा, मग बोलू. आणि फोटोत तुमचे दोन्ही हात पेटीच्या आत दिसतात. मरायचं असेल तर दुसऱ्या गटात विचारा.' वाचून झाल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं होतं, खांद्यावरून कुणी वाचत असल्यासारखं. मग टॅब बंद केला होता. तो फोटो काढायला त्याला अर्धी दुपार लागली होती. टॅब पुस्तकांच्या चळतीला टेकवायचा, टायमर लावायचा, धावत जाऊन पेटीत हात घालायचे. आपण काम करताना दिसावं, एवढीच हौस. दुसऱ्या दिवशी तो बाजारात जाऊन मीटर घेऊनही आला होता. मीटर खोक्यातच राहिलं, खोकं ड्रॉवरमध्ये, आणि रेडिओ पुन्हा कपाटावर चढला. ह्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

आणि आज तो चष्मा शोधत मागच्या खोलीत आला, तर बायको टेबलाशी उभी. रेडिओ पाठ उघडी टाकून तिच्यासमोर, आतल्या व्हॉल्व्हच्या काचेच्या नळ्या तांबूस पेटलेल्या, तापलेल्या धुळीचा वास. तिच्या उजव्या हातात मीटरची लाल काडी, आणि डावा हात गाउनच्या खिशात. रेडिओचं त्याला नवल वाटलं नाही. तिनं तो महिन्यापूर्वीच कपाटावरून उतरवला होता, 'पडून पडून गंजतोय' एवढंच म्हणून. त्याला थबकवलं ते त्या खिशातल्या हातानं. तिचं उभं राहणं त्याला डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. ती ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. निवृत्त होऊनही ती कामाला उभी राहिली की दोन्ही हात छातीशी, कुठंही न टेकलेले, जणू आत्ताच धुतलेत. भाजी चिरायच्या आधीसुद्धा क्षणभर तशीच. हा खिशातला हात तिचा नव्हता. तो कुणीतरी तिला दिलेला होता.

"हे काय, खिशात हात?"

"एक हात बाहेर ठेवायचा असतो. दोन्ही आत असले तर करंट छातीतून जातो."

"कुणी सांगितलं?"

"जमदग्नीनं," ती म्हणाली, आणि मीटरवरची नजर न काढता हसली.

गटात त्या माणसाचं नाव 'तारवाला' होतं; पण त्याच्या तोंडाची झळ लागली नाही असा एकही सभासद नव्हता, म्हणून मागून सगळे त्याला जमदग्नी म्हणत. बायको मात्र तोंडावर म्हणे. चष्मा कपाळावरच असल्याचं लक्षात येऊन तो बाहेरच्या खोलीत येऊन बसला, पण हातातलं पान पुढं सरकेना. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती ड्यूटीवरून येई, चपला काढता काढता सांगे, "आज सर्जन काय बोलला माहितीये? म्हणाला, सिस्टर, तुम्ही झोपेत आहात की पेशंट?" आणि असंच हसे. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. उलट त्याला त्या सर्जनचा राग येई. "तू उलट बोलत का नाहीस?" तो विचारी. ती म्हणे, "बोलायचं कशाला? झोपेतच होते मी. चुकीची सुई पुढं केली होती." एकदा तो तिला न्यायला जरा लवकर गेला होता, आणि दोन दारांच्या फटीतून काचेपलीकडं त्याला ते दिसलं होतं: सर्जननं न बघता हात मागं केला, आणि तिनं न विचारता त्यात काहीतरी ठेवलं. बस, एवढंच. शब्द नाही, नजर नाही. घरी येताना ती कितीतरी बोलली, पण त्याच्या डोळ्यांसमोर तो न बघता मागं आलेला हातच होता. आपण असा हात कधी मागं केला नाही. आपण आधी वळून बघतो, मग विचारतो, मग नको म्हणतो.

ती झोपायच्या खोलीत आडवी झाली तेव्हा त्यानं टॅब उघडला. गट उघडाच असे, कुणीही वाचावा. तरी चोरी करत असल्यासारखे त्याचे कान तापले. तिनं गटात 'चिमटा' हे नाव घेतलं होतं. पहिलाच फोटो, आणि खाली तारवाला: 'धूसर आहे. मी ज्योतिषी नाही.' तिचं उत्तर: 'बरोबर. हा दुसरा.' मग तो: 'चिमटाबाई, कंडेन्सर उलटा लावलाय. शाळेत अधिक-उणे शिकवत नव्हते? वीज द्यायच्या आधी फोटो टाकलात म्हणून भिंतीवर त्याच्या चिंध्या दिसत नाहीत.' ती: 'काढला. सरळ लावला. घुमणं थांबलं.' आणि त्याखाली तारवाल्याचा एकच शब्द: 'हं.' त्या 'हं'पाशी तो सगळ्यांत जास्त वेळ थांबला. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली त्याची नजर. कुठल्या शब्दात किती वजन आहे हे त्या नजरेला कळे. ह्या 'हं'त शाबासकी होती, आणि ती मिळाल्याचं ओळखणारं कुणीतरी पलीकडं आहे ह्याची खात्रीही होती. खाली कुणा भल्या माणसानं मध्येच लिहिलं होतं, 'तारवाला, बाईमाणसाशी जरा नीट बोला. ताई, तुम्ही लक्ष देऊ नका, सगळे व्हॉल्व्ह एकदम बदलून टाका, काम फत्ते.' त्यावर तिचं उत्तर: 'त्यांचं बोलणं मला चालतं. औषध घ्यायचं, बाटली फेकायची. त्यांचं कडू आहे पण बरोबर आहे. तुमचं गोड आहे पण चूक आहे.' त्यानं टॅब उपडा ठेवला. ते उत्तर त्या भल्या माणसाला होतं, हे त्याला समजत होतं. तरी त्याला ते आपल्या नावाचं वाटलं.

हा रेडिओ त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतला होता. एकाच खोलीचं घर, रेडिओ खिडकीत, ती रात्रपाळीहून आली की तो अगदी बारीक आवाजात लावून ठेवी, आणि ती उशीला डोकं टेकता टेकता म्हणे, "राहू दे, बंद नका करू." मग तो बंद पडला, मग घरं बदलली, कपाटं बदलली. मागच्या वर्षी त्याच्या मनात आलं होतं, एक दिवस ती बाहेरून येईल आणि रेडिओ बोलत असेल. तेवढ्यासाठी त्यानं पेटी पुसली, काटा फिरवणारी तुटकी दोरी काढून तिच्या जागी पुस्तकबांधणीचा लाल मेणदोरा ओवला, चाकांवरून नीट ताणून, गाठ दिसू नये अशी. तेवढं एक काम त्याला आलं. पुढचं आलं नाही. आता तिनं आणलेल्या मीटरनं — नाही, त्यानं आणलेल्या आणि तिनं उघडलेल्या मीटरनं — तो कुणा तिसऱ्याच्या सांगण्यावरून बोलू लागला होता. घुमणं गेलं होतं, आवाज आला होता. पण घोगरा, घशात काही अडकल्यासारखा. निवेदक बातम्या सांगता सांगता रडकुंडीला आल्यासारखा वाटे. "आवाज लागला की," तो म्हणाला होता, "छान आहे." तिनं त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. "तुमचं छान म्हणजे दुकानदाराचं 'या, बसा'," ती म्हणाली होती. त्याला तेव्हा ती थट्टा वाटली होती. आणि त्या दिवसापासून तारवाल्याचा नवा मजकूर आला की टॅबमधून येणारा तो 'टिंग' आवाज त्याला वैऱ्यासारखा झाला. तो माणूस कसा दिसत असेल ह्याचा तो विचार करी. जाडसर भुवया, हाताला भाजल्याचे डाग. त्याला बायको असेल का? असली तर तिच्याशीही असाच बोलत असेल? मग तीही हसत असेल? स्वतःच्या वयाची त्याला लाज वाटे. दात गेले, केस गेले, आणि हे मात्र हिरवंगार.

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलंच होतं. डावा डोळा झाला, वर प्लास्टिकची पारदर्शक टोपी आली. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, बारीक बघायचं नाही, टॅब तर अजिबात नाही. तारवाल्यानं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं: 'घोगरा आवाज म्हणजे शेवटच्या व्हॉल्व्हच्या पाचव्या पायावर काय आहे बघा. तिथं शून्य हवं. शून्य म्हणजे शून्य. थोडंसं म्हणजे शून्य नव्हे. थोडंसं निघालं तर मधला कंडेन्सर गळतोय. पलीकडचा दाब अलीकडं झिरपतोय, आणि म्हणून बिचारा व्हॉल्व्ह गुदमरतोय.' दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीत मान ताठ ठेवून बसली आणि म्हणाली, "माझ्या नावानं लिहा. पाचवा पाय मोजायचा राहिलाय. डोळ्याचं ऑपरेशन झालंय. चार दिवस थांबा. एवढंच."

तो टॅब घेऊन खिडकीशी बसला. एवढंच लिहायचं होतं. पण बोट अक्षरांवर ठेवल्यावर त्याच्या मनात आलं, ह्या माणसाला हिच्या डोळ्याचं कशाला कळायला हवं? डोळा तिचा, घर आपलं, टोपी रात्री आपण नीट केली. आणि मग बोटं आपली आपण चालू लागली. थांबून त्यानं ते वाचलं. मजकूर निर्दोष होता, एकही चूक नव्हती. त्यानं तो पाठवून दिला. "लिहिलं?" तिनं विचारलं. "लिहिलं," तो म्हणाला, आणि चहा टाकायला आत गेला.

तारवाल्याचं उत्तर दुपारी आलं. टिंग वाजल्याबरोबर ती म्हणाली, "वाचा." तो वाचू लागला. "'ठीक आहे.'" मग थांबला. "'काळजी घ्या.'"

"आणखी?"

"एवढंच."

झाकलेला डोळा भिंतीकडं, उघडा त्याच्याकडं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासमोर बसून छापखान्याची मुद्रितं मोठ्यानं वाचलीत. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण चालू, अवतरण बंद. मूल पोटात असताना झोप येत नव्हती तेव्हा शब्दकोशसुद्धा ऐकवलाय. तुम्ही गाळून वाचता तेव्हा कसं वाचता, ते मला आज पहिल्यांदा कळलं. पण कळलं."

तो उठला नाही. उठता आलं असतं तर उठला असता.

"त्यानं काय लिहिलंय ते वाचा. विरामचिन्हांसकट."

त्यानं टॅब पुन्हा डोळ्यांसमोर धरला. "'हे चिमटाबाईंनी लिहिलेलं नाही, पूर्णविराम. ह्यात सहा वेळा आपण आहे आणि आकडा एकही नाही, पूर्णविराम. त्यांना काय झालंय, प्रश्नचिन्ह. बऱ्या आहेत ना, प्रश्नचिन्ह.'" इथं तो थांबला, पण तिनं बोट नुसतं उचललं. "'आणि फोटोतला तो लाल दोरा मी आधी पाहिलाय, पूर्णविराम. वाचक नावाचे एक गृहस्थ होते, अर्धविराम. आकडे आणायला गेले ते आलेच नाहीत, पूर्णविराम. दोरा मात्र इतका नीट ओवलेला मी दुसरा पाहिला नाही, पूर्णविराम.'"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"आता तुम्ही काय लिहिलंत ते," ती म्हणाली.

"जाऊ दे ना."

"तेही विरामचिन्हांसकट."

"'आदरणीय महोदय, स्वल्पविराम. आपल्या अमूल्य मार्गदर्शनाबद्दल मी आपली शतशः ऋणी आहे, पूर्णविराम. काही घरगुती कारणास्तव आपल्याशी चाललेला हा विषय मी येथेच थांबवीत आहे, पूर्णविराम. आपण आजवर आपला बहुमोल वेळ दिलात, स्वल्पविराम, हे आपले...'"

"पुरे." तिच्या तोंडाचा कोपरा हलला. हसणं आहे की दुसरं काही, हे त्याला कळेना. "शतशः ऋणी. मी. जन्मात म्हटलं नाही ते." मग म्हणाली, "थिएटरमध्ये सर्जननं एकदा माझ्या अंगावर चिमटा फेकला होता, आठवतंय? मी येऊन तुम्हाला सांगितलं."

"लागलं का विचारलं होतं मी."

"विचारलंत. मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, मग बरं. चुकलं काय होतं, ते नाही विचारलंत. पुढच्या आठवड्यात त्यानंच उभं राहून शिकवलं. माणूस वाईट होता हो, बायकोला छळायचा म्हणतात. पण माझ्या हातांकडं तो बघायचा. तुम्ही सगळ्या जगाच्या चुका काढल्यात. माझी एकसुद्धा नाही."

"तुझ्या नव्हत्याच."

"खंडीभर होत्या. तुम्ही बघितल्या नाहीत." ती हे रागानं म्हणाली नाही. इंजेक्शन देताना म्हणे तसं म्हणाली. त्याला समासात लाल पेन्सिलीनं केलेल्या आपल्या हजारो खुणा आठवल्या, ज्यांचे लेखक त्याला कधी दिसले नाहीत. आणि हेही आठवलं की पुस्तक जितकं आवडे, तितकी त्याची नजर बारीक होई. नुसतं 'छान' त्यानं त्याच पानांवर सोडलं होतं, जी वाचायचा त्याला कंटाळा आला होता. हे तिला सांगावं का? सांगून काय होणार. तो जुना राग अजून तिथंच होता, पण आता तो सर्जनवर नव्हता, तारवाल्यावरही पुरता नव्हता. त्याला कुणाचा मत्सर वाटत होता ते त्याला पकडता येईना. कदाचित त्या माणसाचा, जो ह्या घरात कधी आला नाही आणि ज्यानं सहा 'आपण'वरून ओळखलं की ही ती नव्हे. आपण ओळखलं असतं का?

"मीटर घ्या," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय शेजाऱ्यांना बोलावू? मला वाकायचं नाहीये. मी सांगते, तुम्ही बघा. आधी खिसा."

त्याच्या लेंग्याला खिसा नव्हता. सदऱ्याला होता तो छातीवर. तो दारामागं टांगलेला छापखान्यातला जुना कोट घालून आला. निवृत्तीनंतर तो अंगाला सैल झाला होता. डावा हात खिशात घातला तर तळाशी काहीतरी लागलं. लाल पेन्सिलीचं थोटूक. त्यानं ते मुठीत धरलं. ती मागं खुर्चीत, मान ताठ. रेडिओ लावला, व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस झाले, निवेदक रडक्या आवाजात हवामान सांगू लागला. काळी काडी तिनं सांगितली तशी पत्र्याला चिमट्यानं अडकवली होती. लाल काडी उजव्या हातात.

"शेवटचा व्हॉल्व्ह. खालून, खाचेपासून मोजा. घड्याळाच्या दिशेनं."

"तीन... चार..."

"घाई नको. मनगट टेकवा पेटीला. हां, लाकडाला. डावा हात कुठाय?"

"खिशात."

"राहू दे तिथंच. बाहेर काढलात तर बघा." त्यानं वळून बघितलं नाही. वळून बघायची सवय मोडायला अंगभर जोर लागला. मागं ती होती, तिचा एक डोळा त्याच्या हाताच्या मागं मागं येत होता, हे त्याला मानेवर जाणवत होतं. "पाचवा. टेकवा."

त्यानं काडी टेकवली. रेडिओतून एक बारीकसा खरखराट आला. मीटरवरचे आकडे थोडे इकडं-तिकडं झाले आणि थांबले.

"अकरा," तो म्हणाला.

"नक्की?"

त्यानं पुन्हा टेकवली. "अकराच. तसं थोडंसंच आहे."

"शून्य हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "शून्य हवं होतं."

"मनगट अजून थरथरतंय तुमचं. आणि काडी आडवी धरलीत, घसरली असती तर शेजारच्या पायाला लागली असती. चूक." तिनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं. "पण आकडा आणलात."

रेडिओ बंद करून, खिशात हात तसाच ठेवून तो टॅबपाशी आला. तिच्या नावाखाली लिहावं की आपल्या, तिनं विचारलं नाही आणि त्यानंही नाही. तो एका बोटानं मागं मागं सरकत गेला, कंडेन्सरच्या, धूसर फोटोंच्या, 'हं'च्याही मागं, वर्षभर मागं, जिथं दोन्ही हात पेटीत घातलेला एक म्हातारा कॅमेऱ्याकडं बघत होता आणि खाली ते पत्र होतं. त्याखालची चौकट अजून रिकामी होती. त्यानं 'आदरणीय' लिहिलं आणि खोडलं. 'विलंबाबद्दल' लिहिलं, तेही खोडलं. मग एकदाचं जे उरलं, ते तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं, विरामचिन्हांसकट, आणि काहीही न गाळता पाठवलं:

'शेवटचा व्हॉल्व्ह, पाचवा पाय: अकरा व्होल्ट. शून्य हवं होतं. चिमटाबाई बऱ्या आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी मोजलं. सकाळचा मजकूर माझा होता, त्यांचा नव्हे. मोजताना डावा हात खिशात होता.'